आधी पावडर, मग बॉबिन

शिवायला बसताय? जरा थांबा. मशीनवरचं कव्हर काढण्याआधी आरशात एकदा डोकावून या.

पाहिलंत? केस क्लचरमध्ये कोंबलेले. अंगात गाऊन, त्याचा मूळ रंग कोणता यावर घरात दोन मतं. गाऊनवर ओढणी, ती कोणत्या ड्रेसची होती हे बहुधा तो ड्रेसही विसरला असेल. गळ्यात टेप, मंगळसूत्राला अडकवलेल्या चार सेफ्टी पिना, दातांत दोरा. आणि अशा अवतारात तुम्ही भाचीच्या लग्नातलं पैठणीचं ब्लाउज बेतणार? मुंढा बसेल तरी का नीट? कापडालाही काही अब्रू असते हो.

हे मी पदरचं सांगत नाही. सिंगर कंपनीनं १९४९ साली अमेरिकेत शिवणकामाचं एक पुस्तक काढलं, त्यात गृहिणींना हे सगळं नीट समजावून सांगितलेलं आहे. शिवायला बसताना शक्य तितकं सुंदर दिसावं. स्वच्छ पोशाख घालावा. केस जागच्या जागी असावेत, पावडर आणि लिपस्टिक लावलेली असावी. मशीनजवळ फ्रेंच चॉकची, म्हणजे आपल्या शंखजिऱ्याची, एक पुरचुंडी ठेवावी आणि अधूनमधून बोटांना लावावी. का, तर कुणी पाहुणा टपकेल किंवा नवरा घरी येईल आणि आपण गबाळ्या दिसू, अशी धास्ती मनात असली तर शिवणात मन रमत नाही.

किती खरं आहे! रेशमाला अकरा नंबरची सुई, पॉपलिनला चौदा, जीन्सला सोळा, हे गल्लीतला कुठलाही क्लास शिकवतो. लिपस्टिक कितव्या नंबरची, हे कोण सांगणार?

आपल्याकडे मात्र हे ज्ञान पुस्तकाविनाच होतं. माझ्या आजीकडे दोन डबे होते. एक फणेरपेटी: लाकडी, झाकणाला आतून आरसा, कप्प्यांत फणी, मेण आणि कुंकवाचा करंडा. दुसरा बिस्किटांचा पत्र्याचा डबा: त्यात रिळं, हूक, बटणं, अंगुस्तान आणि कोणत्या कुलपाची ते कुणालाच ठाऊक नसलेली एक किल्ली. दुपारचे चार वाजले की आधी पहिला डबा उघडायचा, मग दुसरा. हा क्रम कधी चुकला नाही. तोंड धुऊन, तेल लावून घट्ट अंबाडा, कपाळावर मेणाचं बोट आणि त्यावर दाबून बसवलेलं कुंकू. एवढं झालं की मग मांडीवर फाटका परकर घ्यायची परवानगी. आईनं एकदा न्हाऊन केस वाळत असताना काजं करायला घेतली, तर आजी म्हणाली होती, "अवदसेसारखी बसू नकोस, माणसं घरी यायची वेळ झालीय." माणसं म्हणजे आजोबा. ते साडेपाचला यायचे. आजीच्या अंबाड्याकडे त्यांनी कधी पाहिलं की नाही, याची घरात कुणाला आठवण नाही. चहाकडे पाहायचे.

तर मुहूर्तापासून सुरुवात करू. त्याच पुस्तकाचं आणखी एक सांगणं असं, की सिंकमध्ये भांडी पडलेली आणि अंथरुणं तशीच पसरलेली असताना शिवायला बसू नये. तातडीची कामं आधी उरकावीत, म्हणजे मन मोकळं राहतं. फारच छान. आमच्या घरी सिंक रिकामं असतं ते पावणेचारला. तोवर कपडे वाळत घालणं, दळण, गॅसवाला, सासूबाईंच्या गोळ्या हे सगळं उरकलेलं असतं, असं धरून चालू. मग चार वाजता तोंड धुवा, वेणी घाला, पावडर लावा, साडी बदला. झाले पाच. मशीनला तेल घाला, बॉबिन भरा, सुईत दोरा ओवा; चष्मा सापडायला दहा मिनिटं. इतक्यात क्लासवरून मुलगा येतो, त्याला खायला द्या, पुन्हा सिंक भरतं, पुन्हा पहिल्या पायरीवर या. एव्हाना तिन्हीसांज झालेली असते, आणि तिन्हीसांजेला सुई हातात घेऊ नये हे तर तुम्हाला माहीतच आहे. या हिशेबानं ब्लाउजाचा पुढचा भाग यंदा आणि पाठ पुढच्या वर्षी.

आता पोशाख. इथे मी अनुभवाचे बोल सांगू शकते, कारण गेल्या वैशाखात मी एकदा हे सगळं तंतोतंत पाळून पाहिलं. लग्न आठ दिवसांवर आलेलं, भाचीचं पैठणीचं ब्लाउज मशीनवर, आणि मनात म्हटलं, होऊन जाऊ दे. इस्त्रीची साडी नेसले. हातात हिरवा चुडा. केसांत मोगऱ्याचा गजरा. पावडर, लिपस्टिक, सगळं. शंखजिरं घरात नव्हतं, म्हणून अंगाला लावायची पावडर बशीत काढून मशीनशेजारी ठेवली. माझं मशीन आईचं, काळं, अंगावर सोनेरी वेलबुट्टी असलेलं उषाचं पायमशीन. त्याच्याशेजारी मी त्या दिवशी पहिल्यांदाच शोभून दिसले असेन.

पहिली टीप घातली आणि जांभळ्या रेशमावर पाच पांढरी बोटं उमटली. पावडर झटकली, ती पसरली. दोरा तोडायला कात्री सापडेना, म्हणून सवयीनं दातांनी तोडला. लिपस्टिक दोऱ्याला, दोऱ्याची अस्तराला, आणि अस्तर पांढरं. बांगड्या मशीनच्या चाकाशी येताजाता किणकिणायच्या, त्यामुळे सासूबाई आतून दोनदा विचारून गेल्या, कोण आलंय. गजऱ्यातलं एक फूल नेमकं सुईखाली पडलं. मोगऱ्यातून सुई गेली की टाका सुटत नाही, उलट फार छान बसतो, हे नव्यानं कळलं. मग आली बाही. बाही मुंढ्याला जोडताना आत माया सोडावी लागते, म्हणजे पुढे मुलगी अंगानं भरली तर ब्लाउज सैल करता येतं. शिंपीकामात कापडाच्या या शिल्लक पट्टीला माया म्हणतात, आणि मराठीत याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. तर मी अर्धा इंच माया सोडली. खोचलेला पदर मधेच सुटला होता, तो मांडीवरून वर सरकला होता, आणि खाली जांभळं, वर जांभळं, मला काही कळलं नाही. पायपट्टी जोरात चालली होती. माया इतकी सुटली की तिच्यात मीही आले.

तेवढ्यात बेल वाजली. मी उठले. माझ्याबरोबर ब्लाउज उठलं, ब्लाउजाबरोबर दोरा, आणि दोऱ्याबरोबर रीळ घरंगळत सोफ्याखाली. एका हातात बाही धरून, पदरासकट, दार उघडलं. आमचे हे. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही. शिवत होते."

"बरं. मग चहा टाकतेस का?"

ती बाही उसवायला मला पाऊण तास लागला. टीप बारीक ठेवली होती, आणि रेशीम उसवलं की सुईची भोकं तशीच दिसत राहतात. ओल्या फडक्यानं, नखानं, कोमट इस्त्रीनं जमेल तितकी बुजवली. भाची म्हणाली, मावशी, काय सुरेख फिटिंग आहे. तिच्या डाव्या काखेत बारीक भोकांची एक अख्खी रांग आहे. तिनं हात वर केलेला फोटो अजून कुणी काढलेला नाही.

पण नवरा अवचित घरी येण्याची काळजी सिंगर कंपनीच्याच पुस्तकात असावी, याचं मला नवल वाटत नाही. गांधीजींना यंत्रांचा किती तिटकारा, तुम्हाला ठाऊकच आहे. तरी १९२४ साली शांतिनिकेतनातल्या एका तरुणाशी बोलताना त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केला. माणसानं शोधलेल्या मोजक्या उपयोगी वस्तूंपैकी ही एक, असं ते म्हणाले. बायकोला हातानं शिवताना शिणलेली पाहून सिंगरनं केवळ प्रेमापोटी हे यंत्र घडवलं, अशी हकीकतही त्यांनी सांगितली. काय गोड गोष्ट आहे! आयझॅक सिंगरनं १८५१ साली पेटंट घेतलं ते पैशासाठी, आणि त्याच्या पाच वर्षं आधी इलायस हाऊनं आपलं पेटंट घेतलेलं होतं, हे सोडून द्या. प्रेमाचं म्हणाल तर ते सिंगरपाशी भरपूर होतं. न्यूयॉर्कमध्ये एकाच वेळी वेगवेगळ्या नावांनी त्यानं वेगवेगळे संसार थाटले होते, आणि मुलं विसाहून अधिक. १८६० साली हे उघडकीला आलं आणि पुढे त्याला युरोप गाठावा लागला. आता सांगा, असा नवरा कोणत्या दिवशी कोणत्या दारात उभा राहील याचा काय नेम? त्या बायका बिचाऱ्या सदा पावडर लावूनच बसत असतील.

पाहुण्यांचं मात्र गांभीर्यानं घ्या. तुम्ही शिवत असताना घरी येणारी माणसं साधारण अशी: कुरियरवाला, पाण्याच्या मीटरचं रीडिंग घेणारा, आणि शेजारच्या काकू, ज्या स्वतः गाऊन आणि ओढणीतच असतात आणि हातात ब्लाउजपीस घेऊन येतात. "तू बसलीच आहेस तर एवढं फॉल-पिकोचं बघशील का गं?" अशा वेळी तोंडात टाचण्या धरलेल्या असाव्यात. नाही म्हणायची पाळी येत नाही, हो म्हणायचीही येत नाही, नुसतं उं उं करता येतं. काकू मात्र ते हो धरतात आणि पीस ठेवून जातात. या एका बाबतीत लिपस्टिक खरंच उपयोगी पडली असती, ती टाचण्यांना लागली असती आणि टाचण्या काकूंच्या पिसाला.

आणि हो, हे नियम शिंप्यांना लागू नाहीत, हेही लक्षात ठेवा. आमच्या नाक्यावरचे मास्तर चाळीस वर्षं शिवतायत. बनियन, लुंगी, कानावर खडू, गळ्यात टेप, पायमशीनवर मांडी चढवल्यासारखे बसलेले. गावातल्या निम्म्या नवरदेवांचे सूट त्यांच्या त्या बनियनसमोर तयार झाले. त्यांना कुणी सांगितलं नाही की मास्तर, गिऱ्हाईक येईल, जरा केस विंचरा. गिऱ्हाईक आलंच तर ते स्वतःच ओशाळतं, उशीर झाला का हो मास्तर म्हणतं. नामदेव महाराज तर संत, आणि जातीनं शिंपी. मनाचा गज आणि जिभेची कात्री करून त्यांनी थेट यमाचा फास कापला. ते करताना अंगात काय होतं, याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलेलं नाही.

फरक सोपा आहे. पैसे घेऊन शिवलं तर ते काम. घरच्यांसाठी फुकट शिवलं तर तो छंद, आणि छंद करताना माणसानं कसं प्रसन्न दिसावं!

शाळेत आम्हाला शिवणाचा तास असायचा. एका हातभर पांढऱ्या कापडावर धावदोरा, हेरिंगबोन, काज, रफू, ठिगळ असे नमुने करायचे, आणि वर्षाअखेर ते कापड मळून राखाडी झालेलं असायचं. तासाआधी बाई दोनच गोष्टी सांगायच्या: हात धुऊन या, आणि वेण्या मागे टाका. वेणी चाकात जाते, घामाचा हात कापडाला लागतो. त्याउपर त्या एक शब्द बोलत नसत. त्यांना शिवता येत होतं ना.

असो. तुम्ही माझ्यासारख्या वाया गेलेल्या नसाल, तर अजूनही सुधारायला वाव आहे. लग्नाच्या बाजारात मुलीला "शिवणटिपण येतं" हा गुण पूर्वी आवर्जून सांगायचे. त्यात "आणि शिवताना छान दिसते" एवढी भर घाला. पोरींना कांदेपोह्यांच्या वेळी ट्रे हातात देण्याऐवजी सरळ मशीनवर बसवा. पाहुण्यांना एका बाजूनं अंबाडा दिसेल, दुसऱ्या बाजूनं टीप सरळ येते की नाही तेही दिसेल. नंतर लग्न झालं की तिला गाऊन घ्या.

मी मात्र गाऊनवर परत आले. दिवाळीआधी घरच्यादारच्या पाच जणांचं काही ना काही शिवून झालं: सासूबाईंचे परकर, ह्यांच्या पायजम्याच्या नाड्या, मुलाच्या पँटची चेन, नणंदेची तीन ब्लाउजं, काकूंचा फॉल, आणि उरलेल्या चिंध्यांची एक गोधडी. माझ्या गाऊनचा उजवा खांदा नवरात्रापासून उसवलेला आहे, तिथे सेफ्टी पिन आहे. दोन मिनिटांचं काम. पण अंगावरचं कापड अंगावर असताना शिवू नये, असं आजी सांगायची; शिवायचंच झालं तर दातांत काडी धरावी. माझ्या दातांत टाचण्या असतात, काडीला जागा नाही. म्हणजे गाऊन काढूनच शिवायला हवा. दुसरा गाऊन दोरीवर ओला आहे. साडी नेसून मशीनवर बसण्याचं काय होतं ते वर सांगितलंच.

मग हा काढला, तर तो शिवताना घालू काय?