उंदीर काढून ठेवलाय, खालचा खण उघडू नये

साप पाळणाऱ्या माणसाला लोक हमखास विचारतात, "चावत नाही का हो?" अहो, तो कशाला चावतोय! महिन्यातले अठ्ठावीस दिवस तो आपल्या राहायच्या टाकीतल्या ढोलीत वेटोळं घालून पडलेला असतो. डोक्याला ताप होतो तो उरलेल्या दोन दिवसांत, आणि तोही सापाचा नव्हे, उंदराचा. गोठलेल्या, दगडासारख्या टणक, शेपटीला बर्फ धरलेल्या उंदराचा.

नागपंचमीला लाह्या-दूध घेऊन दारात येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. एक, साप दूध पीत नाही. दुसरी, आपल्याकडचा नाग, धामण किंवा अजगर घरात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. इथं विषय आहे तो आफ्रिकेतल्या बॉल पायथन नावाच्या अजगराचा. त्याचीही नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर करावी लागते. कागदपत्रं झाली की उंदराकडे वळायचं.

"जिवंतच का नाही देत? केवढे फिरतात रविवार कारंजाला!" असा सल्ला नाशकात फुकट मिळतो. रस्त्यावरच्या उंदरानं कुठल्या दुकानात कुठलं विष खाल्लंय ते त्यालाच ठाऊक, आणि ते विष सापालाही भोवतं. शिवाय जिवंत उंदीर हा काही घास नव्हे, त्याला दात असतात. भूक नसलेल्या सापापुढे तो रात्रभर सोडला तर सकाळी सापाच्याच पाठीचे लचके तोडलेले दिसतात. म्हणून पैदास केलेला, मारून गोठवलेला उंदीर घ्यायचा. हा व्यवहार कितीही विचित्र वाटला तरी सापाच्या जिवाला धोका नाही.

उंदरांचे साइज लहान मुलांच्या कपड्यांसारखे असतात. दोन-तीन ग्रॅमची लालबुंद पिंकी, लव फुटलेला फझी, उड्या मारायच्या वयातला हॉपर, मग पंचवीस-तीस ग्रॅमचा पुरता वाढलेला उंदीर. त्याच्या पुढे घुशीच्या जातभाईंचा, म्हणजे रॅटचा, वेगळा हिशेब. सापाचं शरीर सर्वात जाड असतं तिथल्या जाडीइतका उंदीर, थोडा जास्त चालेल, हा ढोबळ नियम. वजनात सांगायचं तर वाढत्या पिलाला दर आठवड्याला त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास आणि दीड किलोच्या मोठ्या सापाला दोन-तीन आठवड्यांतून एकदा सत्तर-ऐंशी ग्रॅम. त्यासाठी घरात वजनकाटा लागतो. तो स्वयंपाकघरातलाच वापरायचा बेत असेल तर आधी घरच्यांशी बोलून घ्यावं, नंतर बोलायची संधी मिळत नाही.

खरी परीक्षा फ्रीजची. ज्या घरात साबुदाणा भिजवायला विसरतात त्या घरानं साप पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साबुदाणा विसरला तर एकादशीला भगरीवर भागतं. उंदराला भगर नाही. सत्तर ग्रॅमचा रॅट फ्रीजरमधून खाली आला की पुरता सुटायला आठ ते बारा तास घेतो. बॉल पायथन रात्रीचा प्राणी, जेवतो दिवे मंद झाल्यावर. म्हणजे संध्याकाळी आठचं जेवण हवं तर सकाळी सातला, अंबडच्या कंपनीत न्यायचा डबा भरताना, उंदीर खाली काढायचा. झिपच्या पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा सर्वात खालच्या खणात, म्हणजे काही गळलंच तर कोथिंबिरीवर गळणार नाही. डब्याचा रंग जेवणाच्या डब्याहून निराळा असावा. हे मी दोनदा सांगतो, कारण सकाळी सातला सगळे डबे सारखेच दिसतात.

ओट्यावर तासभर ठेवला की काय बिघडतं? एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बाहेरचं कातडं उकडायला लागतं आणि पोटात अजून बर्फाचा खडा असतो. वर जंतूंची पंगत बसते, आत कुल्फी. मायक्रोवेव्हचं तर नाव काढू नका. तो एका बाजूला शिजवतो, दुसऱ्या बाजूला गोठलेलंच ठेवतो, आणि मधेच पोट फुटतं. फुटल्यानंतर त्या मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा पापड भाजायची कुणाची छाती होत नाही. उकळतं पाणीही नकोच, कातडं शिजून फाटतं आणि साप तोंडात धरताच सगळा ऐवज खाली सांडतो.

तर संध्याकाळी साडेसातला उंदीर मऊ झालेला असतो, पण गार. आता त्याला गरम करायचं, आणि इथं नुसती गरमी चालत नाही, नेमकी लागते. बॉल पायथनच्या ओठावर उष्णता टिपणाऱ्या बारीक खाचा असतात. काळोखात त्याला उंदीर "दिसतो" तो त्यांच्यामुळे. जिवंत उंदराचं अंग सदतीसच्या आसपास असतं, तेव्हा आपला मृत उंदीरही अडतीस-चाळीसला पोचला पाहिजे. त्याहून गार उंदीर म्हणजे सापाच्या लेखी एक केसाळ खडा.

बादली घ्यावी, तांब्या नव्हे. तांब्यातलं पाणी जानेवारीत पाच मिनिटांत निवतं आणि मग सारखं गिझरकडे पळावं लागतं. बादलीत चार-पाच लिटर, त्रेचाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे हाताला कडक पण बुडवून ठेवता येईल असं. पिशवीतली हवा दाबून काढावी, नाहीतर ती तरंगते आणि उंदराची एकच बाजू तापते. वर एखादी जड वाटी ठेवली की झालं. ही वाटी कायमची उंदराची. तिला पुन्हा मांडणीवर जागा नाही. वीस मिनिटांनी उंदीर काढून पोटावर अंगठा दाबून पाहायचा. आत काही टणक लागलं तर परत बादलीत. लाज वाटून चालत नाही. कोविडच्या काळात सोसायटीच्या गेटवर कपाळाला लावायची ती थर्मामीटरची बंदूक अजून कपाटात पडली असेल तर तिचाही उपयोग होतो. फक्त कपाळ मोजायच्या मोडवर नको, नाहीतर ती उंदराला ताप आहे की नाही एवढंच सांगते.

पोटातल्या त्या खड्याला मी एवढा का भितो? साप आपल्यासारखा आतून ऊबदार नसतो. बाहेरून मिळालेल्या ऊबेवर त्याचं पचन चालतं. आत बर्फ राहिला, किंवा टाकीचा ऊबदार कोपरा एकतीस-बत्तीसला टिकला नाही, तर उंदीर पचायच्या आधी सडतो आणि दोन-तीन दिवसांनी साप तो ओकतो. तो वास कशासारखा, हे लिहायची माझी तयारी नाही. खिडक्या उघडून वर उदबत्ती लावली तर वासात उदबत्ती मिसळते, एवढंच. एकदा ओकल्यावर दोन आठवडे उपास आणि पुढचं जेवण निम्म्या आकाराचं. निफाडला द्राक्षांच्या बागेत शेकोट्या पेटतात त्या दिवसांत म्हणूनच हीटिंग पॅड, आणि पॅडला थर्मोस्टॅट, हे दोन्ही लागतं. नुसतं पॅड लावलं तर थंडीऐवजी भाजल्याची तक्रार येते.

पिशवी गळली असेल तर उंदीर टिपकागदानं पुसून, डोक्याकडून मिनिटभर हेअर ड्रायर मारावा. ओला केस सापाला आवडत नाही, आणि ओल्याला टाकीतला नारळाचा भुसा चिकटतो. ड्रायर चालू झाला की घरभर एक वास पसरतो आणि आतल्या खोलीतून आवाज येतो, "आज चतुर्थी आहे, लक्षात आहे ना?"

ही अडचण खरी आहे. उंदीर म्हणजे बाप्पाचं वाहन. शंकराच्या गळ्यात साप आणि पोराच्या पायाशी उंदीर, तरी कैलासावर सगळे गुण्यागोविंदानं राहतात. शिवाय सापाला पाहून उंदीर बुजला, बाप्पा पडले आणि फुटलेलं पोट त्यांनी त्याच सापानं बांधलं, ही गोष्ट लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेली. माझा तोडगा एवढाच की गणपतीच्या दिवसांत मोठ्या सापाचं जेवण पुढे ढकलायचं. त्याचं काही जात नाही. तो निरोगी असला तर थंडीत आपण होऊन दोन-दोन महिने तोंड फिरवतो, आणि कात टाकण्याआधी डोळे दुधाळ झाले की तेव्हाही नको म्हणतो. उपासाच्या बाबतीत आपल्या घरातलं सर्वात सोवळं माणूस तोच.

जेवण वाढताना चिमटा तीस सेंटिमीटरचा तरी हवा. उंदराला मागच्या बाजूनं धरून तोंड पुढे ठेवायचं, तोंड गरम असायला हवं, आणि अगदी हळू हलवायचं. हाताला उंदराचा वास असेल तर साप भेद करत नाही. झडप पडली की चिमटा सोडायचा आणि स्तब्ध राहायचं. कौतुकानं फोटोसाठी फ्लॅश मारला तर तो उंदीर टाकून ढोलीत जातो. जेवण झालं की अठ्ठेचाळीस तास त्याला उचलायचं नाही, पाहुणे आले तरी नाही.

आणि हे सगळं करून, बादली, वाटी, बंदूक, ड्रायर, चिमटा झाल्यावर, तो कधीकधी जीभ काढतो, उंदराला हुंगतो आणि दुसरीकडे वळतो. अर्धा तास मंद उजेडात एकटं सोडावं. तरी नाही, तर उंदीर रात्रभर टाकीत ठेवावा. सकाळीही पडलेलाच असेल तर तो उंदीर वाया गेला. पुन्हा गोठवायचा नाही, कुणी किती किमतीची आठवण करून दिली तरी.

मग तो वर्तमानपत्रात गुंडाळून घंटागाडीची वाट पाहायची. गाणं वाजत गाडी येते, बादल्या पुढे होतात, आणि काल रात्री तासभर खपून कोरडा केलेला उंदीर ओल्या कचऱ्यात जातो.