स्लोचा स्क्रू फिरवू नका

अ‍ॅक्सिलरेटर न दाबता उभ्या गाडीत इंजिन ज्या वेगाने फिरतं तो स्लो; मिनिटाला किती फेरे (आरपीएम) ते डॅशबोर्डवरचा काटा दाखवतो. त्यावर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: ‘सकाळी गाडी सुरू केल्यावर काटा १०००च्या वर गेला तर स्लो वाढलाय. थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागावरचा) स्क्रू फिरवून ६००वर आणा, मायलेज वाढेल. एसी लावल्यावर काटा हलला तर इंजिनात बिघाड.’

सकाळचा काटा आधी घेऊ. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. इंजिन बंद पडू नये आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, मुद्दामच १२००-१५०० ठेवतो. गरम झाल्यावर बहुतेक पेट्रोल गाड्या ७०० ते ८५०च्या आसपास स्थिरावतात. तो खरा स्लो.

एसीचंही तेच. कॉम्प्रेसरचा भार पडला की ईसीयू आरपीएम थोडा वाढवतो. यात बिघाड कसला?

आता स्क्रू. कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या) जमान्यात स्क्रूनेच स्लो सेट व्हायचा, जुने मिस्त्री कानाने करायचे. इंजेक्शनच्या, म्हणजे आजच्या, गाडीत स्लो ईसीयू सांभाळतो. थ्रॉटलची चकती पूर्ण मिटून अडकू नये एवढ्यासाठी तो स्क्रू असतो. कित्येकदा त्यावर कारखान्यातलाच रंगाचा ठिपका असतो, म्हणजे हात लावू नका. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी हा मेसेज वाचून तो ठिपका फोडला. दोन दिवसांनी गतिरोधकापाशी क्लच दाबताच इंजिन बंद, मागे टेम्पो. इंजिन बंद पडलं की एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं आणि पॉवर स्टीअरिंगही जड होतं. काका सुखरूप आहेत, पण काकू शेजारी बसल्या होत्या हे आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

आणि बचत किती? छोटं पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत तासाला साधारण पाऊण लिटर पितं. सिग्नलवर रोज १० मिनिटं धरली तर सव्वाशे मिली. स्लो ८००चा ६०० केला आणि पेट्रोल त्याच प्रमाणात घटलं असं मानलं, तरी वाचणार जेमतेम ३० मिली. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, याहून जास्त वाचेल.

स्लो घरी जरूर तपासा, पण असा. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून आणा. मोकळ्या जागेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये कधीच नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, एसी आणि दिवे बंद. रेडिएटरचा पंखा फिरत असेल तर थांबेपर्यंत थांबा, मग मिनिटभर काटा बघा. गाडीला काटा नसेल तर स्टीअरिंगखालच्या ओबीडी (गाडी तपासण्याच्या) सॉकेटला लावायचा ब्लूटूथ रीडर फोनवर आकडा दाखवतो. तो आकडा मॅन्युअलमधल्या किंवा बोनेटखालच्या स्टिकरवरच्या आकड्याशी ताडून बघा. मग एसी लावा: काटा क्षणभर दबून सावरला तर ठीक.

काटा सतत वरखाली होत असेल किंवा गरम इंजिनही १०००च्या खाली येत नसेल, तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन आणि चिरलेली व्हॅक्यूम नळी (तिथून जादा हवा इंजिनात शिरते), संशय आधी यांच्यावर घ्या. आकडे कागदावर लिहून मिस्त्रीला दाखवा.