दुसरी संधी आणि मधली बारा वर्षं

जालना जिल्ह्यातलं असई आपल्याला ठाऊक असतं ते २३ सप्टेंबर १८०३ च्या लढाईमुळे. शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर त्या दिवशी उभा असलेला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. लग्नाची मागणी नाकारली गेल्यानंतर तीनेक वर्षांनी तो हिंदुस्थानाकडे निघाला होता, हे मात्र आपल्या इतिहासाच्या धड्यात येत नाही. लंडनच्या ड्यूक-अर्लांच्या हलक्याफुलक्या प्रेमकथा वाचणाऱ्यांनी, आणि तशा कथा लिहायला घेणाऱ्यांनी तर नक्कीच, ही गोष्ट आधी नीट बघावी. ताटातूट झालेले दोघं वर्षांनी पुन्हा भेटतात या प्रकारची कथा नेमकी कुठे फसते, ते तिच्यात लख्ख दिसतं.

१७९३ साली डब्लिनमध्ये त्यानं किटी पॅकनहॅमला मागणी घातली. तिचा भाऊ लॉर्ड लाँगफर्ड यानं नकार दिला. आर्थर धाकटा मुलगा, नावावर जमीन नाही, वर कर्ज. त्यानं स्वतःची व्हायोलिनं जाळून टाकली असं सांगतात. १७९७ ते १८०५ तो हिंदुस्थानात होता. अहमदनगर, असई, आडगाव, गाविलगड ही सगळी १८०३ मधलीच. परतला तेव्हा ‘सर’ झालेला आणि गाठीशी सुमारे ४२,००० पौंड. मधल्या काळात किटीचं दुसरीकडे ठरलं होतं आणि तिनं ते मोडलंही होतं. एका मैत्रिणीच्या पत्रांतून दोघांचा धागा टिकला होता. आल्यावर त्यानं तिला न भेटताच पत्रानं पुन्हा मागणी घातली. मी बदलले आहे, आधी बघून घे, असं तिनं स्वतः सुचवलं होतं. त्यानं ते मनावर घेतलं नाही. १० एप्रिल १८०६ ला डब्लिनमध्ये लग्न झालं आणि ते दोघांनाही सुखाचं गेलं नाही.

प्रेमकथेला लागतं ते सगळं इथे हजर आहे. कुटुंबाचा विरोध, परदेश, पराक्रम, पैसा, निष्ठा. एकच गोष्ट नाही, ती म्हणजे लग्नाआधीची दुसरी ओळख. १७९३ मधल्या मुलीला १८०६ मध्ये वरमाला घातली गेली, आणि ती मुलगी तोवर राहिली नव्हती. तोही नव्हता. कथा लिहिताना हीच चूक सर्रास होते. पहिल्या प्रकरणात दोघं समोरासमोर येतात, छाती धडधडते, जुना राग निघतो, शेवटून तिसऱ्या प्रकरणात गैरसमज दूर होतो, आणि मधली वर्षं कुठे गेली ते कुणी विचारत नाही. माझ्या मते या प्रकारात सगळी गंमत त्या मधल्या वर्षांतच असते. तिला काय येऊ लागलं, त्याला काय खटकू लागलं, एकमेकांच्या कुठल्या सवयी आता ओळखू येत नाहीत, हे शोधताना होणाऱ्या फजितीतून हलका विनोद आपोआप येतो.

त्याआधी ताटातुटीचं कारण पक्कं हवं. ‘कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि तिनं विश्वास ठेवला’ एवढ्यावर आठ-दहा वर्षांचा विरह उभा राहत नाही. त्या समाजात घोडं अडायचं ते पैशावर, आणि त्याचा हिशेब कागदावर असायचा. लग्नाआधी दोन्ही घरांचे वकील करारनामा करत. मुलीनं आणलेल्या रकमेच्या बदल्यात, नवरा आधी गेला तर तिला दरवर्षी किती मिळणार, हे त्यात ठरे. त्या ठरीव उत्पन्नाला जॉइंचर म्हणत. साधारण प्रमाण दहास एक. मुलीकडून १०,००० पौंड आले, तर वैधव्यात वर्षाला १,००० पौंड. हे उत्पन्न नवऱ्याकडच्या जमिनीवर बांधलेलं असे. धाकट्या मुलाकडे जमीनच नसे, मग बांधायचं कशावर? तीच १०,००० ची रक्कम दर्शनी किमतीनं तीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत ठेवली, तर वर्षाला ३०० पौंड येणार. उमराव घरातल्या मुलीला गाडी-घोडे ठेवून त्यात राहता येत नाही. म्हणजे नकार देणारा भाऊ दुष्ट असायलाच हवा असं नाही, तो बहिणीचा हिशेब करत असतो. असा भाऊ लिहिला की कथेला खलनायक लागत नाही आणि सूर हलका राहतो.

नायक श्रीमंत होऊन परत यायचा असेल, तर कसा झाला हेही ठरवा. आरमारातला कप्तान असेल तर शत्रूची पकडलेली जहाजं हा खरा मार्ग. त्या रकमेचे आठ भाग होत. १८०८ पर्यंत कप्तानाला तीन मिळत आणि त्यातला एक सहसा त्याच्या अ‍ॅडमिरलकडे जाई. १८०८ नंतर कप्तानाचा वाटा दोन भागांवर आला. त्यामुळे १८१२ मध्ये एकाच लढाईत गडगंज झालेला कप्तान पटवणं जरा जड जातं. जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्वेजन’ या कादंबरीत साखरपुडा १८०६ ला मोडतो आणि कप्तान १८१४ मध्ये २५,००० पौंड कमावून परततो. या प्रकाराचा पाया तिथे आहे, आणि तो पाया हिशेबाला पक्का आहे.

पत्र हरवल्यामुळे ताटातूट दाखवायची असेल तर एक नियम वापरा. साखरपुडा न झालेल्या मुलामुलीनं एकमेकांना पत्र लिहिणं अशोभनीय मानलं जाई. शिवाय १८४० मध्ये एक पेनीचं टपाल येईपर्यंत पैसे बहुधा पत्र घेणारा भरे. म्हणजे मुलीच्या नावचं पत्र दारात आलं की घरातल्या कुणीतरी पैसे मोजायचे, आणि मग ते सगळ्यांच्या देखत नाश्त्याच्या टेबलावर यायचं. पत्र तिच्यापर्यंत न पोचण्यासाठी कारस्थान लागत नाही. खर्च नाकारला तरी पुरे.

नायिका विधवा असेल तर लेखकाचे हात बरेच मोकळे होतात. तिला बापाची परवानगी नको, सोबतीला वडीलधारी बाई नको, घरी पाहुणे बोलावता येतात. तरी वाट अगदी सरळ ठेवू नका. वर्षभराचे दुःखाचे काळे कपडे उतरल्याशिवाय ती नाचू शकत नाही. पुनर्विवाहानंतर उत्पन्न चालू राहणार की नाही, ते तिच्या करारनाम्यातल्या शब्दांवर. आणि सगळ्यात मोठी अडचण मुलांची. बापाला मृत्युपत्रानं मुलांचा पालक नेमता येई आणि तो पालक आई असेलच असं नव्हतं. सात वर्षांचा छोटा अर्ल, त्याचा पालक असलेला काटेकोर काका, आणि काकाच्या पसंतीला उतरण्यासाठी धडपडणारा नायक, एवढ्यावर अर्धी कादंबरी हसत-खेळत निघते. फक्त त्या काकालाच नायक करू नका. मेलेल्या भावाच्या बायकोशी लग्न हे धर्मपीठाच्या निषिद्ध नात्यांत बसत असे. दोघं हयात असेपर्यंत कुणी खटला भरला तर लग्न रद्द होऊन मुलं अनौरस ठरू शकत, आणि १८३५ नंतर तर असं लग्न मुळातच बेकायदा झालं. ही चूक फार वेळा दिसते.

आता नाच. दुसऱ्या संधीच्या कथेला नाचाइतकी सोयीची जागा दुसरी नाही, आणि ती बहुतेक जण दोन ओळींत उरकतात. नियम बघा. कुणी नाचायला विचारलं आणि तिनं नाही म्हटलं, तर तिला तो नाच तरी बसूनच काढावा लागे. दुसऱ्या कुणाचा हात धरला तर तो उघड अपमान. म्हणजे मोडलेल्या साखरपुड्यातला माणूस सगळ्यांसमोर येऊन वाकला, तर तिच्यापुढे दोनच वाटा. एकाच जोडीदाराबरोबर दोन वेळा चालतं, तिसऱ्यांदा नाचलं की दुसऱ्या दिवशी लंडनभर चर्चा. कंट्री डान्समध्ये पुरुष एका रांगेत, बायका समोरच्या रांगेत. वरची जोडी आकृती करत करत खाली सरकते आणि बाकीच्या जोड्या आपली पाळी येईपर्यंत उभ्या राहतात. रांग लांब असली तर अर्धा-अर्धा तास. उभं असताना बोलावंच लागतं, नाहीतर लोक बघतात. आणि महत्त्वाचं वाक्य ओठावर आलं की नेमकी पाळी येते, हात सुटतो, तो शेजारच्या बाईबरोबर फिरून परत येईपर्यंत धीर गळालेला असतो. संवाद असाच तुटक लिहा. आठ वर्षं न बोललेली दोन माणसं आणि पाच-सहा शब्दांनंतर येणारा अडथळा. क्वाड्रिल हवा असेल तर साल १८१५ च्या आसपास धरा. तो चार जोड्यांच्या चौकोनात होतो, तिथे लपायला रांगही नाही.

जागा अल्मॅक्स असेल तर तिथलं जेवण राजेशाही दाखवू नका. किंग स्ट्रीटवरच्या त्या सभागृहात बुधवारी नाच होत. आत जायला उमराव स्त्रियांच्या मंडळानं दिलेलं व्हाउचर लागे आणि रात्री अकरानंतर दार बंद. खायला लोणी लावलेले ब्रेडचे पातळ तुकडे, कोरडा केक, प्यायला चहा आणि लेमनेड. दारू नाही. जुन्या प्रेयसीसमोर उभं राहायला धीर हवा असलेल्या नायकाला तिथे लेमनेडवरच भागवावं लागेल.

लग्नाचं थोडक्यात. चर्चमध्ये तीन रविवार घोषणा करा, नाहीतर बिशपचा साधा परवाना घ्या. १७५३ च्या कायद्यानं दोघांपैकी एकाचा त्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीत, चार आठवडे मुक्काम लागे. लग्न सकाळी आठ ते दुपारी बारा. घरात, रात्री, हव्या त्या वेळी लग्न लावायचं तर कँटरबरीच्या आर्चबिशपचा विशेष परवाना लागे, आणि त्यावर दोघांची नावं असत. तेव्हा खिशातून कोरा परवाना काढणारा नायक छाटून टाका. घरच्यांच्या संमतीशिवाय लग्न करायला जोडपी पळून जात ते स्कॉटलंडच्या सीमेवरचं गाव ग्रेटना ग्रीन, लंडनपासून तीनशे मैलांहून जास्त. घोडे बदलत, न थांबता गेलं तरी दोन दिवसांच्या आसपास. शिवाय तिशीतल्या दोघांना तिकडे पळायचं कारणच नाही. एकविसाच्या पुढे त्यांना कुणाची संमती लागत नाही.

किटीबद्दल एक किस्सा सांगितला जातो. १८३१ मध्ये ती अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिनं नवऱ्याच्या बाहीत बोट सरकवून, आपण कधीकाळी दिलेला ताईत तो अजून बांधतो का ते चाचपलं. ताईत दंडावर होता. वीस वर्षांत कधीही बघितलं असतं तरी सापडला असता, असं त्याचं म्हणणं. मला या दोघांची गोष्ट वाचताना दरवेळी वाईट वाटतं ते इथे, कारण शोधलं असतं तर बरंच काही मिळालं असतं.

सुखाची जोडी हवी असेल तर अल्मॅक्सच्याच त्या स्त्री-मंडळात बघा. लेडी कूपर, म्हणजे एमिली लॅम्ब. तिचं आणि लॉर्ड पामरस्टनचं गूळपीठ लग्नाच्या कितीतरी आधीपासून लंडनला माहीत होतं. १८३७ च्या जूनमध्ये तिचा नवरा वारला. मग अडीच वर्षं गेली. ती वयाचा विचार करत होती, घरातल्या काहींना हे पसंत नव्हतं, तिचा भाऊ मेलबर्न पंतप्रधान होता आणि पामरस्टन परराष्ट्रमंत्री. १६ डिसेंबर १८३९ ला हॅनोव्हर स्क्वेअरच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये लग्न झालं तेव्हा ती ५२ ची, तो ५५ चा. १८६५ मध्ये तो गेला तोपर्यंत संसार सुखाचा झाला आणि तिच्या शनिवारच्या मैफली लंडनभर गाजल्या. या दोघांनी एकमेकांना तीस वर्षं रोजच्या उजेडात पाहिलं होतं. यावर लिहायचं असेल तर पहिल्या भेटीपासून सुरू करू नका. १८३७ च्या हिवाळ्यात सुरू करा, ती काळ्या कपड्यांत आहे, तो भेटायला आलाय आणि पामरस्टनच्या सवयीप्रमाणे उशिरा आलाय.