आमिष कुठे आहे, दाखवा

नाताळ जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच: ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला, तिथे नुसतं पाप, नरक आणि रडगाणं, जाणारा प्रत्येक जण पैशासाठी जातो, आणि गेला की त्याचं मराठीपण संपलं.

इंग्रजांचं आधी उरकतो. केरळातले सीरियन ख्रिस्ती इंग्रजांच्या कितीतरी शतकं आधीपासून तिथे आहेत. सहाव्या शतकातल्या कॉस्मास नावाच्या प्रवाशाने ‘कल्लियाना’ इथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचं लिहून ठेवलंय, आणि हे आपलं कल्याणच असं बरेच अभ्यासक मानतात. ईस्ट इंडिया कंपनीला तर मिशनरी नकोच होते, धंद्यात खोडा नको म्हणून. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना तिने परत जायचा हुकूम काढला होता. पोर्तुगीजांची गोष्ट वेगळी. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाच्या आरोपावरून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, हा कलंकच आहे, तो मी झाकणार नाही.

आता रडगाणं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, त्याचा पहिला चमत्कार घडतो तो लग्नघरी. ऐन जेवणावळीत द्राक्षारस संपतो. तिथे सहा दगडी रांजण असतात, प्रत्येकी दोन-तीन मण पाणी मावणारे. आजच्या हिशेबाने सगळे मिळून चारशे लिटरच्या वर जातात! त्या सगळ्या पाण्याचा द्राक्षारस होतो, आणि तोही असा उंची, की भोजनकारभारी नवऱ्यामुलाला म्हणतो, लोक चांगला माल आधी वाढतात, तू मागे ठेवलास होय? पुढे विरोधकांनी येशूला खादाड आणि दारुडा म्हणून हिणवलं. रडव्या माणसाला ही शिवी कोण देईल? पाप आणि न्याय हे शब्द बायबलमध्ये आहेत, भरपूर आहेत. पण हरवलेलं मेंढरू सापडलं की मेंढपाळ शेजाऱ्यांना बोलावतो आणि हरवलेला मुलगा परतला की बाप वाजतगाजत जेवण घालतो, हेही तिथेच आहे. नरकाची भीती घालणारे प्रचारक मीही ऐकलेत. एकदोनदा मधूनच उठून आलोय.

पैशाचा मुद्दा लोकांना सगळ्यात पटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा, थोडे अपवाद सोडले तर, फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेरच. म्हणजे दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीच्या राखीव जागांवरचा त्याचा हक्क जातो. यात आमिष कुठे आहे, दाखवा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणजे विधिवत ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांना काय मिळालं? नातेवाईक तुटले, बायको-मुलगा कित्येक वर्षं दुरावले. लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्यासोबत राहायला आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. झाल्या त्या स्वतःला पटल्यावर.

दुष्काळात धान्यासाठी मिशनच्या दारी आलेली माणसं होती, हे मात्र खरं. भुकेल्याला भाकरी देऊन कोणी बदल्यात बाप्तिस्मा मागितला असेल, तर तो येशूच्या वागण्याच्या थेट उलट वागला. पाच हजारांना जेवू घातल्यावर दुसऱ्या दिवशी तेच लोक शोधत आले, तेव्हा येशूने तोंडावर सांगितलं, पोट भरलं म्हणून आलात. मग त्याचं बोलणं जड वाटू लागलं आणि बरेच शिष्य निघून गेले. त्याने कोणाला अडवलं नाही. उलट उरलेल्या बारा जणांना विचारलं, तुम्हालाही जायचंय का? आमिष लावून बसलेला माणूस हा प्रश्न विचारत नाही.

मराठीपणाबद्दल काय सांगायचं! फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण ख्रिस्ताची कथा त्यांनी लिहिली ती मराठी ओव्यांमध्ये, आणि १६१६ मध्ये छापली. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. वसईचे कुपारी ख्रिस्ती आजही घरात सामवेदी ही मराठीची बोली बोलतात. आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

एक आरोप या मजकुरात नाही, आणि तो मात्र बिनतोड आहे. येशूच्या दृष्टान्तातला यजमान रस्त्यावरच्या गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना जेवायला बोलावतो आणि तरीही जागा उरते. आम्ही आत आलेल्यांनी मात्र पंगती वेगळ्या मांडल्या. तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांची दफनभूमीसुद्धा वेगळी आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही.

बाकी खात्री करायची असेल तर नाताळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, या. आमच्याकडे ती मराठीतच असते. तिथे वाटल्या जाणाऱ्या ख्रिस्तप्रसादाला बाप्तिस्मा लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. गाण्यांना आणि नंतरच्या केकला काही लागत नाही. कंटाळा आला तर मधूनच उठून जा.