स्टॅगबुवांची ‘उरलीसुरली पोरं’ : एका प्रेरणादायी फॉरवर्डचा प्रतिवाद

‘वय हा फक्त आकडा’ या जातीच्या मजकुरांत एक अमेरिकन गोष्ट अधूनमधून फिरत असते. थोडक्यात अशी: दुसरं महायुद्ध पेटलेलं, धडधाकट पोरं सगळी आघाडीवर गेलेली, छोट्या कॉलेजांचे फुटबॉल संघ एकेक करून बंद पडत चाललेले. अशा वेळी कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन गावच्या ‘कॉलेज ऑफ द पॅसिफिक’ या लहानशा कॉलेजात एमस अलोन्झो स्टॅग या ८१ वर्षांच्या कोचनं मागे उरलेल्या पोरांची मोट बांधली आणि निव्वळ जिद्दीच्या जोरावर बड्या विद्यापीठांना लोळवलं. पुढे युद्धानं छोट्या कॉलेजांचा फुटबॉल कायमचा संपवला, पण म्हातारबुवांनी जगाला धडा दिला. खाली हात जोडलेली इमोजी.

यातले कोच खरे आहेत, त्यांचं वय खरं आहे आणि विजयही खरे आहेत. बाकीची गोष्ट जवळपास उलटी आहे. (हा फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा नव्हे. लंबगोल चेंडू काखोटीला मारून पळायचं आणि पळणाऱ्याला आडवं पाडायचं, तो अमेरिकन खेळ. टचडाउनला सहा गुण.)

पहिलं विधान: ‘धडधाकट पोरं आघाडीवर गेली, उरलीसुरली मैदानात उतरली.’

सगळी गोष्ट या एका विधानावर उभी आहे. भरतीचं किमान वय नोव्हेंबर १९४२ मध्ये १८ वर आलं आणि कॉलेजं ओस पडू लागली, इथपर्यंत बरोबर. पण सैन्याला नुसते शिपाई नको होते, शिकलेले अधिकारीही हवे होते. ते घडवायला १ जुलै १९४३ ला नौदलानं ‘व्ही-१२’ नावाची योजना सुरू केली. देशभरातली १३१ कॉलेजं निवडली आणि तिथे गणवेशातले नौसैनिक आणि मरीन (नौदलाच्या जोडीनं लढणाऱ्या दलाचे जवान) विद्यार्थी म्हणून धाडले. राहणं, जेवण आणि शिक्षण सरकारी खर्चानं, वर महिना ५० डॉलर पगार. पॅसिफिक हे त्या १३१ पैकी एक.

या विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या संघातून खेळायला नौदलाची हरकत नव्हती. लष्कराची अशीच एक योजना होती, ‘एएसटीपी’ नावाची. त्यातल्या पोरांना मात्र कॉलेजच्या संघातून खेळायला साफ मनाई होती. या एका फरकानं १९४३ चा अमेरिकन फुटबॉल कुणाकडे राहिला आणि कुणाकडून गेला ते बरंचसं ठरलं.

व्ही-१२ मधल्या पोराचा आठवडा कसा होता? अभ्यासाचे १७ क्रेडिट आणि साडेनऊ तास सक्तीची शारीरिक कवायत. हे सगळं उरकल्यावर ज्याला हौस असेल त्यानं संघाच्या सरावाला जायचं. म्हणजे सरकारी खर्चानं खाऊनपिऊन, कवायत करून दणकट झालेला तरुण कोचच्या हाती तयार मिळत होता. त्यातले कित्येक तर दुसऱ्या कॉलेजांत आधीच नाव कमावलेले खेळाडू होते. नौदलाची बदली आली की गडी नव्या कॉलेजात, आणि तिथल्या संघातही. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा एलरॉय हर्श असाच मिशिगन विद्यापीठाकडून खेळला. लुइझियाना स्टेटचा अ‍ॅल्विन डार्क, जो पुढे बेसबॉलमध्ये गाजला, साउथवेस्टर्न लुइझियाना या लहान संस्थेकडून खेळला. पॅसिफिकच्या संघातही शेजारच्या सेंट मेरीज कॉलेजातून आलेले खेळाडू होते. याला उरलीसुरली म्हणायचं, तर मग रणजी खेळलेली पोरं तालुका संघात आली तर त्यांनाही तेच म्हणावं लागेल.

याहून बोलकं उदाहरण टेक्सासमध्ये आहे. ऑस्टिनहून पाऊण तासावर जॉर्जटाउन नावाचं गाव आणि तिथे साउथवेस्टर्न हे छोटं मेथडिस्ट विद्यापीठ. १९४३ मध्ये इथल्या संघानं बलाढ्य टेक्सास विद्यापीठाला १४–७ असं हरवलं. चमत्कारच म्हणायचा, पण त्या संघातले काही जण आदल्या वर्षापर्यंत टेक्सासकडूनच खेळत होते! मरीनमध्ये नाव घातलं आणि हुकूम आला तो साउथवेस्टर्नला जाण्याचा. टेक्सासनं त्या हंगामात आपल्या परिषदेचं (ठरावीक विद्यापीठांच्या साखळी स्पर्धेचं) विजेतेपद मिळवलं तरी शेजारच्या छोट्या कॉलेजाकडून मार खाल्ला, तो काही अंशी आपल्याच माणसांच्या हातून.

खरोखर उरल्यासुरल्या पोरांची गोष्ट हवी असेल तर तीही आहे, पण ती पॅसिफिकची नाही. स्टॉक्टनपासून शंभरेक किलोमीटरवर मोरागा इथल्या सेंट मेरीजचा परिसर नौदलानं वैमानिकांच्या प्राथमिक प्रशिक्षणासाठी घेतला होता. कॉलेजाकडे स्वतःचे विद्यार्थी मोजकेच राहिले. १९४५ मध्ये जिमी फेलन यांनी मुख्यतः सतरा-अठरा वर्षांची, भरतीच्या वयाला जेमतेम टेकलेली पोरं घेऊन संघ उभा केला. हर्मन वेडेमायर हा होनोलुलूचा पोरगा त्यांचा हुकमाचा एक्का. हा संघ एपी या वृत्तसंस्थेच्या देशव्यापी क्रमवारीत सातवा आला आणि शुगर बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात खेळला (तिथे ओक्लाहोमा ए अँड एमनं त्यांना ३३–१३ असं हरवलं). फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं चुकीचं कॉलेज निवडलं, दुसरं काय!

दुसरं विधान: ‘छोटी कॉलेजं बंद पडली, मोठी तगली.’

हे फार ताणायची गरज नाही. १९४३ च्या हंगामात अलाबामा, टेनेसी, ऑबर्न, केंटकी, फ्लोरिडा आणि मिशिगन स्टेट यांचे संघच नव्हते. स्टॅनफर्ड तर १९४३ ते १९४५ अशी तिन्ही वर्षं मैदानाबाहेर होतं. यातलं एकही नाव छोटं नाही. त्याच वर्षी एपीच्या शेवटच्या क्रमवारीत अठरावं कोण? कोलोरॅडो कॉलेज, सातपैकी सात सामने जिंकून. एकोणिसावं पॅसिफिक. दोन्हीकडे व्ही-१२. दुसऱ्या आणि सहाव्या क्रमांकावर तर कॉलेजंही नव्हती. आयोवा प्री-फ्लाइट आणि ग्रेट लेक्स हे नौदलाच्या तळांचे संघ होते. तेव्हा कॉलेज केवढं यापेक्षा तिथे लष्कर उतरलंय की नौदल, हाच प्रश्न महत्त्वाचा होता.

तिसरं विधान: ‘म्हातारबुवांच्या जिद्दीनं बड्यांना हरवलं.’

इथे थोडं जपून बोलायला हवं, कारण एमस अलोन्झो स्टॅग हा माणूस खरंच मोठा. जन्म १८६२ चा. शिकागो विद्यापीठाच्या संघाला त्यांनी चाळीसहून अधिक वर्षं घडवलं. सत्तरी झाली म्हणून विद्यापीठानं त्यांना निवृत्त केलं, तेव्हा दुसरं बसून करायचं काम न घेता १९३३ मध्ये ते पॅसिफिकला आले. १९४३ मध्ये त्यांच्या संघानं कॅलिफोर्निया विद्यापीठाला १२–६ आणि लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला १९–७ असं हरवलं. क्रमवारीत आठवा आलेला डेल मॉन्टे प्री-फ्लाइट हा नौदलाचा संघ अख्ख्या हंगामात एकदाच हरला, तो पॅसिफिककडून. लॉस एंजेलिसच्याच यूएससी विद्यापीठाकडून मात्र ०–६ अशी हार पत्करावी लागली, म्हणजे एकाच टचडाउनचा फरक. एकूण सात विजय, दोन पराभव. अमेरिकेच्या फुटबॉल कोचांच्या संघटनेनं ८१ वर्षांच्या स्टॅग यांना त्या वर्षीचा सर्वोत्तम कोच ठरवलं. तेही रास्तच, कारण चांगली माणसं मिळूनही ती वाया घालवणारे कोच तेव्हाही कमी नव्हते. शिवाय कॅलिफोर्निया, यूसीएलए आणि यूएससी या तिघांकडेही व्ही-१२ होतं. पॅसिफिकनं कुणाला फसवून जिंकलं असं मुळीच नाही.

पण जिद्दीनंच सामने जिंकले जात असतील तर बाकीच्या वर्षांचं काय करायचं? पॅसिफिकमधल्या चौदा हंगामांत स्टॅग यांची कामगिरी ६० विजय, ७७ पराभव आणि ७ बरोबरी अशी आहे. १९४५ मध्ये त्यांच्या संघाला एकही सामना जिंकता आला नाही. कोच तेच होते आणि जिद्दही तीच असणार. बदलला तो नौदलाचा पुरवठा. युद्ध आवरत आलं तशी व्ही-१२ आटत गेली आणि जून १९४६ मध्ये ती बंदच झाली. तरी हे आकडे कुठल्याच फॉरवर्डमध्ये येत नाहीत, कारण त्यांच्याखाली हात जोडता येत नाहीत.

चौथं विधान: ‘युद्धानं छोट्या कॉलेजांचा फुटबॉल कायमचा संपवला.’

पॅसिफिकचंच दशक शेवटपर्यंत पाहू. १९४६ मध्ये, स्टॅग यांच्या तिथल्या शेवटच्या हंगामात, एडी लेबॅरन नावाचा सोळा वर्षांचा बुटका क्वार्टरबॅक (चढाईचा सूत्रधार खेळाडू) कॉलेजात आला. पुढच्या वर्षी लॅरी सीमरिंग कोच झाले. १९४९ मध्ये पॅसिफिक अकरापैकी अकरा सामने जिंकलं, त्या हंगामात ५७५ गुण केले आणि एपीच्या क्रमवारीत दहावं आलं. युद्धातल्या गाजलेल्या संघापेक्षा युद्धानंतरचा हा संघ सरस होता. दशक संपताच कॉलेजानं नवं मोठं स्टेडियमही उभारलं. लेबॅरन पुढे मरीन म्हणून कोरियात लढला आणि जखमी झाला, पण फॉरवर्डला तो नको असतो, त्याचं वय आडवं येतं.

छोट्या कॉलेजांचे संघ बंद पडले हे खरं आहे, फक्त मोठी लाट महायुद्ध संपून पाच वर्षांनी आली. साउथवेस्टर्न, सेंट मेरीज, ड्यूकेन आणि वॉशिंग्टनचं जॉर्जटाउन यांनी १९५० च्या हंगामानंतर खेळ थांबवला. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठानं १९५१ मध्ये सगळे नऊ सामने जिंकले आणि लगेच संघ मोडला. कारणं पैशाची होती. घरबसल्या टीव्हीवर मोठे सामने दिसू लागल्यावर गावच्या मैदानाचं तिकीट कोण काढणार? शिवाय १९४१ मध्ये खेळाडू बदलण्याचे नियम सैल झाले होते. त्याचा फायदा घेऊन मिशिगनच्या फ्रिट्झ क्रिसलर यांनी १९४५ मध्ये चढाईला एक तुकडी आणि बचावाला दुसरी अशी पद्धत रूढ केली. श्रीमंतांना ती परवडली. छोट्या कॉलेजाला त्यासाठी जवळपास दुप्पट माणसं, दुप्पट शिष्यवृत्त्या आणि दुप्पट जेवणं पुरवायची होती. त्यात कोरियाच्या युद्धामुळे पुन्हा भरती सुरू झाली, आणि या वेळी पोरं परत आणून देणारी व्ही-१२ नव्हती.

ज्या कॉलेजाची गोष्ट सांगून युद्धानं छोट्यांना कायमचं संपवलं म्हणतात, त्या पॅसिफिकनं फुटबॉल बंद केला तो १९९५ च्या हंगामानंतर. आणि साउथवेस्टर्न २०१३ पासून पुन्हा खेळतंय.