जेवणाच्या सुट्टीत दुर्बीण

ऑफिसात माझ्या दुर्बिणीची भरपूर थट्टा होते. "आज कोण भेटलं?" हा प्रश्न रोजचाच.

पक्षी बघायचे तर पहाटे उठा, असं जाणकार सांगतात. बरोबरच आहे, दुपारी पाखरं सावलीत गप्प असतात. पण माझी सुट्टी दुपारचीच. जेवण उरकून समोरच्या बागेत कशीबशी वीस मिनिटं मिळतात. 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' ही पक्षीगणना १९९८ पासून दर फेब्रुवारीत होते, २०१३ पासून तर जगभर. तिथेही सलग १५ मिनिटांचं निरीक्षण पुरतं. म्हणजे माझी वीस मिनिटं अगदीच वाया जात नाहीत!

पहिले काही महिने मीही नुसती नावं गोळा करत होतो. मग तांबट भेटला. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळ आणि छाती लाल. चोच मिटलेली ठेवून गळा फुगवतो आणि टुक-टुक-टुक करत राहतो. मध्येच मान वळवतो, त्यामुळे आवाज भलत्याच झाडावरून आल्यासारखा वाटतो. आठवडाभर मी चुकीच्या झाडाकडे बघत होतो. शेवटी तो दिसला, वाळक्या फांदीला खालच्या बाजूने लटकून चोचीने भोक पाडताना. नर-मादी आळीपाळीने येत. रोज थोडा भुसा खाली. कुठल्याही सहलीत मला हे दिसलं नसतं, कारण सहलीत आपण पुढच्या पक्ष्याच्या घाईत असतो.

एका सोमवारी गेलो तर फांदीच नव्हती. बाग 'स्वच्छ' केली होती.

वाळकं लाकूड डोक्यात पडू शकतं, हे मान्य. बाकावरची, वाटेवरची फांदी जरूर तोडा. पण कोपऱ्यातली, जिच्याखाली कुणी फिरकत नाही तिला का हात लावायचा? तांबटाला कुजकं, मऊ लाकूडच लागतं, जिवंत खोड त्याच्या चोचीला दाद देत नाही. त्याने सोडलेली ढोली पुढे दुसऱ्या पाखरांच्या कामी येते. कुऱ्हाड चालवण्याआधी फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक आहे का, एवढं तरी बघा.

(आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावणाऱ्यांनो, हद्दीत प्रतिस्पर्धी घुसला असं समजून तो बिचारा हातातलं काम टाकून येतो. ॲप ऐकायला वापरा, वाजवायला नको.)

परवापासून टुक-टुक पुन्हा सुरू झालंय. कुठल्या झाडावर, ते अजून सापडलेलं नाही. थट्टा करणाऱ्यांपैकी एकजण उद्या सोबत येतो म्हणालाय.