'क्रोनो ट्रिगर'चं पीसी पोर्ट टाकाऊ? तो मेसेज 2018 मध्येच अडकलाय

'क्रोनो ट्रिगर' या जुन्या जपानी रोल-प्लेइंग गेमबद्दल नाशिकच्या गेमिंग ग्रुपांवर एक मेसेज परत फिरतोय: "'क्रोनो ट्रिगर' स्टीमवर घेऊ नका. मोबाइलचा गेम उचलून पीसीवर टाकलाय. चित्र पुसट, लढाईत नुसतं बटण दाबायचं, एकदा संपला की संपला. त्यापेक्षा एमुलेटर बरा." यातलं थोडं एके काळी खरं होतं, बाकीचं कधीच नव्हतं.

खरं होतं ते आधी. 27 फेब्रुवारी 2018 ला गेम स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात आला तेव्हा चित्रांवर सक्तीचा फिल्टर होता, जमिनीच्या चौकोनांत फटी दिसायच्या, मेनू बोटाने दाबण्याच्या बेताचे होते. 1995 च्या मूळ गेमचं चित्र 256 गुणिले 224 ठिपक्यांचं. त्यात नायक क्रोनोचा डोळा म्हणजे मोजून दोन-चार ठिपके. ते गुळगुळीत केले की नजरच पुसली जाते. लोक चिडले ते रास्तच होतं. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये पॅच (दुरुस्तीचा अपडेट) आला आणि मूळ ग्राफिक्सचा पर्याय मिळाला. पुढच्या पॅचमध्ये कीबोर्ड आणि कंट्रोलरसाठी मेनूही बदलले. सेटिंग्जमध्ये ग्राफिक्स 'ओरिजिनल' करा, तो डोळा परत दिसतो.

"नुसतं बटण दाबायचं" हे तर साफ चूक. शत्रू लढाईतही जागा बदलतात आणि क्रोनोचा 'सायक्लोन' हा टेक (खास हल्ला) निवडलेल्या शत्रूच्या आजूबाजूच्यांनाही लागतो. म्हणून ते जवळ येईपर्यंत थांबायचं. 'एक्स-स्ट्राइक' या जोडहल्ल्याला क्रोनो आणि त्याचा साथीदार फ्रॉग दोघांचेही गेज, म्हणजे वेळेबरोबर भरणाऱ्या पट्ट्या, भरलेले लागतात. म्हणजे एकाला हात बांधून उभं ठेवायचं आणि तेवढ्या वेळात बसणारा मार सोसायचा. हा हिशेब हाच या लढाईचा जीव आहे. नवखे बहुतेक इथेच हरतात: मोड 'अ‍ॅक्टिव्ह' असतो, म्हणजे वेळ थांबत नाही, आणि ते औषधांची यादी वाचत बसतात. 'वेट' लावा. त्यातही वेळ थांबते ती टेक किंवा आयटमची यादी उघडल्यावरच, नुसत्या मुख्य मेनूवर नाही. तेव्हा आधी यादी उघडा, मग विचार करा.

"एकदा संपला की संपला"? गेम पूर्ण केला की 'न्यू गेम प्लस' मिळतो. लेव्हल, टेक आणि बहुतेक शस्त्रं सोबत येतात, पैसे येत नाहीत. मग गेममधल्या लीन चौकातल्या उजव्या टेलिपॉड यंत्रावरून थेट शेवटच्या शत्रूशी, लाव्होसशी, भिडता येतं आणि त्याला कथेच्या कुठल्या टप्प्यावर हरवलंत यावर शेवट बदलतो.

राहिला एमुलेटर, म्हणजे पीसीवर जुन्या कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. त्यासाठी नेटवरून उतरवलेला रॉम, म्हणजे गेमची कॉपी, ही पायरसी आहे, हे आधी स्पष्ट असू दे. शिवाय मूळ गेम ज्या कन्सोलवर आला त्या सुपर निन्टेंडोच्या रॉममध्ये 1999 च्या प्लेस्टेशन आवृत्तीतली अ‍ॅनिमेशन नाहीत, 2008 च्या निन्टेंडो डीएस आवृत्तीतले वाढीव भागही नाहीत. स्टीमवर अ‍ॅनिमेशन आहेत आणि बहुतेक वाढीव भागही. वर ऑटोसेव्ह आहे: एका भागातून दुसऱ्यात गेलं की नोंद होते. इन्व्हर्टर नसलेल्या डेस्कटॉपवर, पावसाळ्यात सिडकोत वीज गेली तर याची किंमत कळते. मात्र बॉसशी, म्हणजे एखाद्या मोठ्या शत्रूशी, लढता लढता वीज गेली तर ती लढाई वाया जाते, म्हणून त्याच्या भागात शिरण्याआधी नकाशावर हाताने सेव्ह कराच.